स्तनातील गाठ साधी की कर्करोगाची? निर्णय तीन तपासण्यांच्या एकमताने

बीरगांव (रायपूर) : स्तनात हाताला लागणाऱ्या बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. मात्र एखादी विशिष्ट गाठ कर्करोगाची आहे किंवा नाही, हे ती दुखते की नाही, स्त्रीचे वय किती आहे किंवा गाठ हाताला कशी लागते यांपैकी कोणत्याही एका गोष्टीवरून ठरवता येत नाही. डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि सुईने काढलेल्या पेशींची किंवा तुकड्याची तपासणी, या तिन्हींचे निष्कर्ष जुळले तरच निदान पक्के मानावे, असा वैद्यकशास्त्राचा प्रस्थापित नियम आहे. या पद्धतीला ‘त्रिविध तपासणी’ असे म्हणतात. तिच्यातील एखादी पायरी गाळली गेल्यास साध्या गाठीसाठी अनावश्यक शस्त्रक्रिया होऊ शकते, अथवा कर्करोगाची गाठ ‘साधी’ समजून काही महिने तशीच राहू शकते. यांतील दुसरी चूक जिवावर बेतणारी ठरते.

रायपूर शहराला लागून असलेल्या बीरगांवसारख्या वस्त्यांत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. उरला औद्योगिक क्षेत्राच्या शेजारी वसलेली ही स्वतंत्र महानगरपालिका असून, येथील अनेक कुटुंबांचे पोट कारखान्यांतील रोजंदारीवर चालते. रुग्णालयाची एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी. तीन तपासण्यांसाठी तीन वेगळ्या फेऱ्या माराव्या लागल्या तर दुसरी किंवा तिसरी फेरी राहून जाण्याचा संभव असतो. निदानाची वैद्यकीय पद्धत आणि तिथवर पोहोचण्याची वाट, हे दोन्ही विषय म्हणूनच एकत्र समजून घ्यावे लागतात.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या ‘ग्लोबोकॅन’ अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. याउलट, २०१९-२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयोगटातील केवळ ०.९ टक्के स्त्रियांनी कधी काळी कर्करोगाच्या शंकेने स्तनांची तपासणी करून घेतल्याचे सांगितले. म्हणजे शंभरातील जवळपास नव्याण्णव जणींच्या बाबतीत ही तपासणी एकदाही झालेली नव्हती.

कर्करोगाच्या नसलेल्या गाठी

कर्करोगाच्या नसलेल्या गाठींचे प्रकार वयानुसार बदलतात. साधारण पंधरा ते पस्तीस या वयात आढळणारी नेहमीची गाठ म्हणजे फायब्रोअ‍ॅडिनोमा. ती गुळगुळीत, घट्ट आणि बोटांखालून सहज सरकणारी असते. तिचा कर्करोगात बदल होणे अत्यंत दुर्मिळ आहे. खात्री झाल्यानंतर ती काढलीच पाहिजे असे नाही. ती वाढत असेल, मोठी असेल किंवा रुग्णाची इच्छा असेल तर शस्त्रक्रिया करण्यात येते. मात्र झपाट्याने वाढणाऱ्या अशा गाठीत फायलॉइड्स नावाचा वेगळा अर्बुद असू शकतो. तो सभोवतालच्या थोड्या निरोगी भागासह काढावा लागतो, अन्यथा पुन्हा उद्भवतो.

पस्तीस ते पन्नास या वयात द्रवाने भरलेल्या गाठी, म्हणजे सिस्ट, अधिक दिसतात. पाळीपूर्वी दोन्ही स्तन जड होणे, दुखणे आणि त्यांत बारीक गाठाळपणा जाणवणे हे संप्रेरकांच्या मासिक चढउताराचे लक्षण असून पाळीनंतर ते बहुधा ओसरते. अंगावर पाजणाऱ्या मातांमध्ये दूध साचून किंवा जंतुसंसर्गाने सूज येते आणि तिचे पुढे गळू होऊ शकते. मार लागल्यानंतर स्तनातील चरबीचा काही भाग निर्जीव होऊन कडक गाठ तयार होते. हाताला आणि मॅमोग्राफीतही ती कधीकधी हुबेहूब कर्करोगासारखी भासते. भारतात स्तनाच्या क्षयरोगाचाही विचार करावा लागतो. तो विरळ असला तरी गाठ, वारंवार होणारे गळू किंवा न भरणारी जखम या रूपांत दिसतो आणि तुकड्याच्या तपासणीनंतरच ओळखता येतो.

फसवी लक्षणे

‘गाठ दुखत नाही, मग काळजी कशाला’ ही सर्वाधिक नुकसान करणारी समजूत आहे. स्तनाचा कर्करोग सुरुवातीच्या काळात बहुधा दुखत नाही. वेदना नसल्यामुळे काम थांबत नाही, आणि काम थांबत नसल्यामुळे डॉक्टरकडे जाणे पुढे ढकलले जाते. दुसऱ्या बाजूला, दुखणारी गाठ कर्करोगाची नसतेच, असेही म्हणता येत नाही.

वयाचाही असाच गैरसमज होतो. वयाबरोबर धोका वाढतो हे खरे. तथापि पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतातील रुग्णांचे सरासरी वय कमी आहे आणि तिशी-चाळिशीतील रुग्ण येथे दुर्मिळ नाहीत. गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना लागलेली गाठ ‘दुधाची’ म्हणून सोडून दिली जाते. अशी गाठ दोन आठवड्यांत विरली नाही तर तिची सोनोग्राफी करावी. ही तपासणी गरोदरपणातही सुरक्षित आहे.

दोन प्रकार अनुभवी डॉक्टरांनाही चकवू शकतात. पहिल्यात गाठ लागतच नाही. स्तन लाल, गरम आणि जड होतो व त्वचा संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसते. हा जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविके दिली जातात. औषधाने आठवडा-दोन आठवड्यांत सूज ओसरली नाही, तर हा दाहक स्वरूपाचा कर्करोग नाही ना, हे तुकडा तपासून पाहणे आवश्यक असते. दुसऱ्या प्रकारात एकाच बाजूच्या स्तनाग्रावर खाज, खपल्या आणि ओल दिसते व त्यावर इसबाचे मलम चालू राहते. मलमाने बरे न होणारे असे ‘इसब’ पॅजेट रोग, म्हणजे स्तनाग्राचा कर्करोग असू शकतो.

स्तनाग्रातून येणाऱ्या स्रावाबाबतही भेद करावा लागतो. दोन्ही बाजूंनी, अनेक छिद्रांतून, दाबल्यावरच येणारा दुधाळ किंवा हिरवट स्राव बहुधा निरुपद्रवी असतो. एकाच स्तनातून, एकाच छिद्रातून, आपोआप येणारा रक्तमिश्रित किंवा पाण्यासारखा स्राव मात्र तपासावाच लागतो. त्याचे कारण अनेकदा दुधाच्या नलिकेतील लहानसा मस असतो. काही वेळा तो कर्करोगही असतो.

पहिली पायरी : विचारपूस आणि हाताची तपासणी

तपासणीची सुरुवात प्रश्नांनी होते. गाठ केव्हा लक्षात आली, पाळीबरोबर ती लहान-मोठी होते का, आई, बहीण, मावशी किंवा आत्या यांपैकी कोणाला स्तनाचा अथवा बीजांडकोशाचा कर्करोग झाला होता का, संप्रेरकांच्या गोळ्या चालू आहेत का, याची नोंद घेण्यात येते. कुटुंबात अनेक जणींना, तेही कमी वयात, हा आजार झाला असेल तर बीआरसीए या जनुकांतील दोषाची शक्यता तपासली जाते. वडिलांकडील नात्यांची चौकशीही तितकीच महत्त्वाची असते, कारण हा दोष पित्याकडूनही येऊ शकतो. पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो. एकूण रुग्णांत त्यांचे प्रमाण सुमारे एक टक्का आहे.

त्यानंतर स्त्रीला बसवून, हात वर करायला आणि मग कमरेवर ठेवून दाबायला सांगून दोन्ही स्तनांचा आकार, त्वचेवरील खळी आणि आत ओढलेले स्तनाग्र पाहिले जाते. मग आडवे झोपवून मधल्या तीन बोटांच्या पेरांनी संपूर्ण स्तन, काख आणि गळ्याच्या हाडावरचा भाग चाचपला जातो. ज्यांना पाळी येते त्यांच्यासाठी पाळी संपल्यानंतरचे दिवस या तपासणीला सोयीचे असतात. त्या काळात स्तन मऊ असतात. कडक, वेडीवाकडी, त्वचेला किंवा छातीच्या स्नायूला चिकटलेली आणि काखेत गाठींसह असलेली गाठ संशयास्पद ठरते. मात्र लहान कर्करोग गुळगुळीतही लागू शकतो. म्हणून हाताच्या तपासणीतून मिळतो तो अंदाज. निदान पुढच्या पायऱ्यांवर होते.

दुसरी पायरी : सोनोग्राफी की मॅमोग्राफी?

हा निर्णय मुख्यतः वयावर अवलंबून असतो. तरुण वयात स्तनातील ग्रंथी दाट असतात. क्ष-किरणांच्या चित्रात दाट ग्रंथी आणि गाठ दोन्ही पांढरी दिसत असल्याने गाठ झाकली जाते. म्हणून तिशीच्या आत प्रथम सोनोग्राफी करण्यात येते. चाळिशीनंतर मॅमोग्राफी ही मुख्य तपासणी असते आणि गरजेनुसार तिला सोनोग्राफीची जोड दिली जाते. मधल्या वयात दोहोंपैकी योग्य ती निवडली जाते.

गाठ द्रवाची आहे की भरीव, हे सोनोग्राफी सांगते. लंबगोल, कडा स्वच्छ आणि उंचीपेक्षा रुंदी जास्त असलेली गाठ साधी असण्याकडे कल असतो. उभी वाढलेली, कडा दातेरी असलेली आणि मागे काळी सावली पाडणारी गाठ संशय वाढवते. हाताला न लागणारे चुन्याचे अतिसूक्ष्म कण मॅमोग्राफीत दिसतात. एका जागी दाटीने जमलेले, वेगवेगळ्या आकारांचे बारीक कण हे सुरुवातीच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. फुटलेल्या लाह्यांसारखे दिसणारे जाड कण मात्र जुन्या फायब्रोअ‍ॅडिनोमाचे असतात.

या अहवालाच्या शेवटी ‘बाय-रॅड्स’ असा शब्द आणि एक आकडा असतो. तो पाहून अनेक कुटुंबे घाबरून जातात, कारण कर्करोगाच्या टप्प्याचा आकडा आणि हा आकडा यांत गल्लत होते. बाय-रॅड्स चार म्हणजे चौथ्या टप्प्याचा कर्करोग नव्हे. हा आकडा केवळ संशयाची पातळी दर्शवतो. शून्य म्हणजे तपासणी अपुरी, आणखी चित्रे हवीत. एक म्हणजे काहीही वावगे नाही, तर दोन म्हणजे निश्चित साधा बदल. तीन असल्यास कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांपेक्षा अधिक नसते आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी सुचवली जाते. चार या वर्गात ही शक्यता दोनपासून पंच्याण्णव टक्क्यांपर्यंत कितीही असू शकते, म्हणून सुईची तपासणी आवश्यक ठरते. पाच म्हणजे पंच्याण्णव टक्के किंवा त्याहून अधिक शक्यता. सहा हा आकडा निदान आधीच सिद्ध झालेल्या रुग्णासाठी वापरतात.

तिसरी पायरी : सुई

सुईच्या तपासणीचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात इंजेक्शनच्या बारीक सुईने गाठीतील पेशी ओढून काचपट्टीवर पसरवल्या जातात. या तपासणीला एफएनएसी म्हणतात. ती स्वस्त असून लवकर होते. सिस्टच्या बाबतीत तीच उपचारही ठरते. द्रव निघाल्यावर गाठ पूर्ण नाहीशी झाली आणि द्रव रक्ताळ नसेल तर सहसा पुढे काही करावे लागत नाही. द्रव रक्ताळ असेल किंवा गाठ शिल्लक राहिली तर पुढील तपासणी करावी लागते.

दुसऱ्या प्रकारात जागा बधिर करून जाड सुईने गाठीचे बारीक, लांबट तुकडे काढतात. ही कोअर बायोप्सी. कर्करोगाचा संशय असल्यास आज हीच पद्धत अधिक स्वीकारली जाते. सुट्या पेशींवरून कर्करोग नलिकेतच आहे की बाहेर पसरला आहे हे कळत नाही, तुकड्यावरून ते कळते. शिवाय इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-टू या ग्राहकांची चाचणी त्याच तुकड्यावर होते आणि पुढचे औषध त्यावरूनच ठरते.

‘सुई लावली की कर्करोग पसरतो’ ही भीती सर्वत्र आढळते. सुईच्या तपासणीमुळे रुग्णाचे आयुष्य कमी होते, असा पुरावा नाही. खरा धोका उलट दिशेला आहे. सुईची तपासणी टाळून ‘आधी गाठ काढू, मग पाहू’ अशी घाईची शस्त्रक्रिया झाली आणि नंतर गाठ कर्करोगाची निघाली, तर कडेला रोग शिल्लक राहू शकतो. मग दुसरी, मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. आधी निदान झाले असते तर कदाचित औषधाने गाठ लहान करून स्तन वाचवण्याची संधी मिळाली असती.

एकमत नसेल तर

त्रिविध तपासणीचे बळ तिच्या एकमतात आहे. तिन्ही तपासण्या ‘साधी गाठ’ सांगत असतील तर कर्करोग निसटण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी राहते. तिन्ही ‘कर्करोग’ सांगत असतील तर उपचारांचे नियोजन निःशंकपणे सुरू करता येते. अवघड प्रसंग उरतो तो मतभेदाचा. समजा, गाठ हाताला कडक लागते, सोनोग्राफीत कडा वेड्यावाकड्या दिसतात, पण सुईचा अहवाल ‘कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत’ असा येतो. या अहवालाने कुटुंबाला हायसे वाटते आणि अनेकदा तपासणी तेथेच थांबते. वास्तविक सुई गाठीच्या शेजारून गेली असण्याची शक्यता असते. अशा वेळी पुन्हा, सोनोग्राफीत पाहत बायोप्सी करणे किंवा गाठ काढून तपासणे हाच योग्य मार्ग होय. तिन्हींपैकी एकीनेही संशय व्यक्त केला असेल तर तो संशय मिटेपर्यंत तपास पूर्ण झाला असे मानत नाहीत.

मुंबईतील वस्त्यांचा धडा

मॅमोग्राफीची यंत्रे आणि ती वाचणारे तज्ज्ञ सर्वत्र उपलब्ध नसताना आजार लवकर कसा ओळखावा, या प्रश्नाचे महत्त्वाचे उत्तर मुंबईतून आले. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईतील झोपडवस्त्यांत ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. एका गटातील स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित महिला आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी, एकूण चार वेळा हाताने तपासले. दुसऱ्या गटाला केवळ आरोग्यविषयक माहिती देण्यात आली. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले.

तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातील रुग्णांचे प्रमाण ३७ टक्के, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के होते. पन्नास वर्षे व त्यावरील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. सर्व वयोगट मिळून दिसलेली १५ टक्के घट मात्र संख्याशास्त्राच्या निकषावर निर्णायक ठरली नाही, आणि पन्नाशीच्या आतील स्त्रियांच्या मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही.

स्वतः स्वतःची तपासणी करण्याबाबतचा अनुभव वेगळा आहे. चीनमधील शांघाय येथे कापड उद्योगातील २ लाख ६६ हजारांहून अधिक स्त्री कामगारांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्व-तपासणीच्या प्रशिक्षणाने मृत्यू कमी झाले नाहीत, उलट साध्या गाठींच्या बायोप्सी वाढल्या. त्यामुळे आता ठरावीक पद्धतीच्या स्व-तपासणीऐवजी आपल्या स्तनांचे नेहमीचे स्वरूप माहीत असणे आणि त्यात बदल दिसताच दाखवणे यावर भर दिला जातो.

तपासणी कोठे

केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांच्या स्तनांची हाताने तपासणी दर पाच वर्षांनी प्राथमिक स्तरावर व्हावी, असे अपेक्षित आहे. छत्तीसगडमध्ये या स्तरावरचा दुवा म्हणजे मितानीन. देशभरातील आशा कार्यकर्त्यांच्या योजनेपूर्वीच, २००२ मध्ये, या राज्यात मितानीन कार्यक्रम सुरू झाला होता. वस्तीतील, ओळखीची आणि स्त्रीच असल्यामुळे तिच्याकडे हा विषय काढणे सोपे जाते. संकोच हा अडसर ओळखूनच राज्याने नोव्हेंबर २०२० मध्ये रायपूर, बिलासपूर आणि भिलाई या शहरांत केवळ महिला डॉक्टर व कर्मचारी असलेली ‘दाई-दीदी क्लिनिक’ ही फिरती सेवा सुरू केली होती.

पुढील तपासणीसाठी बीरगांवच्या रुग्णांना रायपूर जवळ आहे. ‘मेकाहारा’ या नावाने ओळखले जाणारे डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय व त्याला जोडलेले प्रादेशिक कर्करोग केंद्र, तसेच अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था ही सरकारी रुग्णालये शहरातच आहेत. विदर्भात माहेर किंवा नातेवाईक असलेली रायपूरमधील मराठी कुटुंबे अनेकदा नागपूरची वाट धरतात. तेथेही राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. रुग्णालय बदलताना केवळ अहवालाचा कागद पुरेसा नसतो. मॅमोग्राफीच्या फिल्म, बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि ज्यात तुकडा जतन केलेला असतो तो मेणाचा ठोकळा सोबत नेल्यास पुन्हा सुई टोचण्याची गरज बहुधा पडत नाही आणि काही आठवडे वाचतात.

साठ दिवसांची मुदत

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुरू केलेल्या स्तन कर्करोग उपक्रमात तीन उद्दिष्टे ठरवली आहेत. ६० टक्क्यांहून अधिक रुग्णांचे निदान पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यात व्हावे, रुग्ण प्रथम दाखवायला आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे आणि ८० टक्क्यांहून अधिक रुग्णांचे उपचार पूर्ण व्हावेत. यांतील साठ दिवसांची मुदत त्रिविध तपासणीशी थेट निगडित आहे. तिन्ही तपासण्या एकाच छताखाली, शक्य तर एकाच दिवशी झाल्या तर ही मुदत सहज पाळता येते. त्या तीन ठिकाणी विखुरल्या तर रोजंदारीवरच्या कुटुंबाला ती गाठणे अवघड जाते.

नवी गाठ, त्वचेवरील खळी, आत ओढले गेलेले स्तनाग्र, रक्तमिश्रित स्राव किंवा काखेतील गाठ यांपैकी काहीही पुढच्या पाळीनंतरही कायम असेल, अथवा पाळी बंद झाल्यानंतर उद्भवले असेल, तर लगेच आरोग्य केंद्रात दाखवावे. अहवाल हाती आल्यावर डॉक्टरांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत : तिन्ही तपासण्या झाल्या का, आणि तिन्हींचे उत्तर एकच आहे का? दोन्हींचे उत्तर ‘होय’ असेल आणि गाठ साधी असेल, तर निश्चिंत मनाने घरी परतता येते. बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत तसेच घडते.